गोन्साल्विस मॅडमचा राग

शोकसभेत आमच्या डायरेक्टरांनी गोन्साल्विस मॅडमना ‘मृदुभाषी’ म्हटलं. माइक दोन्ही हातांत धरून, डोळे अर्धवट मिटून म्हटलं, “अत्यंत शांत, मृदुभाषी आणि समंजस व्यक्तिमत्त्व.” माझ्या शेजारी बसलेल्या स्टोअर्सच्या बाईंना ठसका लागला. मला हसू आलं नाही. मला इतका संताप आला की मी उठून कॉरिडॉरमध्ये गेले आणि कूलरपाशी उगाचच पाणी पीत उभी राहिले. बाई जिवंत असताना ज्या माणसाने मीटिंगा-मीटिंगांतून त्यांना हेकेखोर, भांडकुदळ, ‘प्रॉब्लेम पर्सन’ ठरवलं, तोच आता फोटोला हार घालून त्यांचा स्वभावसुद्धा काढून घेत होता. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, याचा किती फायदा घ्यावा एखाद्याने!

फ्लोरा गोन्साल्विस रागीट होत्या. हे आधीच लिहून टाकते. सकाळी गेटवरच्या हजेरीच्या मशीनवर बोट टेकवलं की त्यांचा राग सुरू व्हायचा, कारण ते मशीन त्यांचं बोट कधीच ओळखत नसे. “आयुष्य गेलं इथे आणि हा डबडा मला विचारतो तू कोण!” मग लिफ्टवर राग. मग कँटीनच्या चहात आलं नाही म्हणून राग. सेमिनारमध्ये कुणी ‘बेसिकली’ म्हणून वाक्य सुरू केलं की राग. काचेच्या भांड्यावर पाण्याचा डाग दिसला तर विचारूच नका. एकदा त्यांनी धुऊन ठेवलेले सगळे फ्लास्क परत सिंकमध्ये घातले होते आणि वर म्हणाल्या होत्या, “या डागात मी काय वाढवू, बॅक्टेरिया की लोणचं?”

त्यांच्या रागाची एक पद्धत होती. ओरडण्याआधी त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, “समोरच्याचं तोंड दिसलं की दया येते गो. मग राहून जातं बोलायचं.” त्यामुळे त्यांचा हात चष्म्याकडे गेला की आमची पांगापांग व्हायची.

आमची संस्था परळला आहे. नाव लिहीत नाही. गरज नाही आणि नोकरीही अजून आहे. मी तिथे टेक्निकल ऑफिसर, मॅडम शास्त्रज्ञ आणि आमच्या लॅबच्या प्रमुख. बुटक्या, रुंद, गुडघ्याखाली येणारा सुती फ्रॉक, त्यावर लॅबकोट, पायांत कॅनव्हासचे बूट. गिरगावातल्या एका वाडीत त्यांचं जुनं लाकडी जिन्याचं घर. तिथे त्या आणि त्यांची थोरली बहीण अशा दोघीच. वडिलांनी हट्टाने मराठी शाळेत घातलेलं, त्यामुळे मराठी अस्खलित आणि तोंडाला येईल तसं. कुणी नवा माणूस “मॅडम, तुम्ही गोव्याच्या का?” असं विचारायचा आणि फसायचा. “गोवा? मी इथली. ही मुंबई बेटं होती तेव्हापासून आम्ही इथे मासे खातोय.” मग माझ्याकडे बोट. “हिचे आजोबा मालवणातून बोटीने आले. ही बाहेरची.” मी लालबागची, आजोबा गिरणीत. माझी आई त्यांचं हे बोलणं ऐकून खूश व्हायची. म्हणायची, “बरोबर सांगता ती बाई. आमी बोटीनच इलंव.”

सगळ्या जगाला त्यांचा एकच प्रश्न असे, “कंट्रोल कुठाय?” प्रयोगशाळेतला हा अगदी साधा प्रश्न. तुम्ही एखादं औषध घातलं आणि झाड वाढलं म्हणता, तर औषध न घातलेलं झाड दाखवा. ते नसेल तर तुमच्या बोलण्याला अर्थ नाही. मॅडम हा प्रश्न लॅबच्या बाहेरही न्यायच्या. दर बुधवारी त्या माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायच्या, न चुकता, मेणबत्ती घेऊन. एका बुधवारी मी सोबत होते. नऊ बुधवार केल्यावर मुलाला दुबईत नोकरी लागल्याचं एका बाईंचं पत्र तिथे वाचून दाखवलं. मॅडम माझ्या कानात कुजबुजल्या, पण त्यांची कुजबुज तीन बाकं ऐकत असत. “आणि नऊ बुधवार करून ज्यांच्या पोराला नोकरी नाही लागली, त्यांची पत्रं कुठायत?” पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने वळून बघितलं. मॅडमनी त्यालाही सोडलं नाही. “काय बघतो बाबा? मी पण मेणबत्तीच घेऊन आलेय.” बाहेर आल्यावर मी विचारलं, मग तुम्ही येता कशाला? त्या म्हणाल्या, “देवाला मी काही सिद्ध करायला नाही सांगत. वाचून दाखवणाऱ्याला सांगते.”

त्या चुकायच्याही, आणि चुकल्यावर भयंकर वाईट वागायच्या. आमच्याकडे निखिल म्हणून एक पोस्टडॉक होता, पीएचडी करून आलेला, हुशार आणि हळवा. एकदा सगळ्या प्लेट्सना बुरशी लागली. मॅडमनी चष्मा काढला आणि निखिलला भरल्या लॅबमध्ये असं झापलं की तो डबा न खाता घरी गेला. नंतर कळलं, ऑटोक्लेव्हचं, म्हणजे सामान वाफेवर निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरचं, रबर फाटलं होतं आणि आदल्या संध्याकाळी तो मॅडमनीच लावला होता. माफी मागणं त्यांना येत नसे. दुसऱ्या दिवशी त्या घरून फुगियांचा डबा घेऊन आल्या. फुगिया म्हणजे त्यांच्याकडे सणाला तळतात ते फुगीर, गोडसर पावाचे गोळे. डबा निखिलच्या टेबलावर आपटला आणि “खा” एवढं म्हणून गेल्या. निखिल सगळा डबा खाऊन बसला. मला हे आवडत नसे, अजूनही आवडत नाही. माणसाला चारचौघांत रडवायचं आणि खाऊ एकट्याला द्यायचा, हा काय न्याय? मी तसं तोंडावर म्हटलंही. त्यावर मला आठवडाभर ‘मिस सावंत’ अशी हाक मिळाली.

पण शिकवायच्या कशा! आमचं काम होतं बॅक्टेरियाकडून बाहेरचं प्रोटीन तयार करून घेण्याचं. बॅक्टेरियात दुसऱ्याचा जीन घातला की तो बिचारा हुकूम पाळून ते प्रोटीन बनवतो. अडचण पुढे असते. प्रोटीन त्याच्या पोटात अडकून राहतं, बरेचदा गोळा होऊन निकामी होतं, आणि ते काढायचं तर बॅक्टेरिया फोडावा लागतो. फोडला की आतला सगळा कचरा त्यात मिसळतो. म्हणून प्रोटीनच्या पुढच्या टोकाला एक छोटा तुकडा जोडतात. त्याला सिग्नल पेप्टाइड म्हणतात. तो तुकडा प्रोटीनला भिंतीतल्या दारापर्यंत नेतो आणि बाहेर काढतो.

याला सगळे जण सेमिनारमध्ये ‘पत्त्याचं लेबल’ म्हणायचे. मॅडम तिथेच उठायच्या. “लेबल नाही. पाकिटाला लेबल लावलं की पाकीट बंदच्या बंद जातं. इथे बंद काही जात नाही.” मग त्या फ्रॉकच्या खिशातून सुईदोरा काढायच्या. खरंच काढायच्या. त्यांची आई गिरगावात शिवणकाम करायची आणि मॅडमच्या खिशात सुई कायम असे. “बघा. दोऱ्याचं टोक ओलं करून पीळ देते. हे सिग्नल पेप्टाइड. टोक नेढ्यातून गेलं की मागचा दोरा जातो. पण दोरा सुटा पाहिजे. आधीच गाठ बसली असेल तर जन्मात जाणार नाही. पलीकडे गेल्यावर ओलं टोक कापून टाकतो, तसं बॅक्टेरियापण कापतो. गाठ मारायची ती पलीकडे गेल्यावर.” आणि मग खरं महत्त्वाचं वाक्य यायचं. “आता याच नेढ्यात दहा दोरे एकदम घाला. एकही जाणार नाही, आणि सुई मोडेल.”

आमच्या बॅक्टेरियाला दोन भिंती असतात आणि मध्ये चिंचोळी जागा. प्रोटीन पहिल्या भिंतीतून निघतं ते त्या जागेत येतं. पुस्तकात तिला मोठं ग्रीक नाव आहे. मॅडम तिला घरगल्ली म्हणायच्या. दोन चाळींच्या मधे असते ती. गिरगावच्या नि लालबागच्या माणसाला यापुढे काही समजवावं लागत नाही. “आपली घरगल्ली घाणेरडी असते, यांची स्वच्छ असते,” असंही सांगायच्या. “आपलं प्रोटीन तिथे येऊन थांबलं की थंड पाण्याचा हलका झटका द्यायचा. बाहेरची भिंत सैल होते, माल बाहेर, आणि घर शाबूत.”

आम्ही जे एन्झाइम करत होतो ते लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. शिरेतून, पुन्हा पुन्हा. आमच्या संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर कॅन्सरचं इस्पितळ आहे, आणि त्याच्या आसपासच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, मराठवाडा कुठून कुठून आलेली कुटुंबं पथाऱ्या टाकून असतात. मास्क लावलेली, केस गेलेली पोरं. मॅडम बस सोडून मुद्दाम त्या रस्त्याने चालत यायच्या. थांबायच्या नाहीत, बिस्किटं वाटायच्या नाहीत. लॅबमध्ये आल्यावर तासभर कुणाशी बोलायच्या नाहीत एवढंच. हे औषध जितकं स्वच्छ तितकं बरं. त्यात बॅक्टेरियाचा कचरा राहिला तर पोराला हुडहुडी भरते, ताप चढतो, अंगावर गांधी येतात, आणि कधी कधी औषध थांबवावंच लागतं. आधीच अर्ध्या झालेल्या जिवाला.

मॅडमची रीत सावकाशीची होती. थंड तापमान, बॅक्टेरियाला हुकूम हळू आवाजात, थोडंथोडं प्रोटीन. नेढं एकच आहे, मग घाई कशाची? डायरेक्टर डॉ. सबनीसांना मात्र घाई होती. एक औषध कंपनी करार करायला येणार होती आणि त्यांना भरघोस आकडे दाखवायचे होते. मॅडम मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या, तेव्हा सबनीसांनी निखिलला बोलावून सांगितलं, तापमान वाढव, हुकूम देणाऱ्या रसायनाचा डोस वाढव. निखिलची नोकरी सबनीसांच्या मर्जीवर. त्याने वाढवलं. दुसऱ्या दिवशी फ्लास्कमधल्या नुसत्या पाण्यात, म्हणजे बॅक्टेरिया ज्यात वाढतात त्या मीडियात, ढीगभर एन्झाइम सापडलं. दोन्ही भिंती ओलांडून थेट बाहेर! सबनीसांनी पेढे वाटले. रिपोर्ट तयार झाला, त्याचा मसुदा कंपनीलाही गेला. त्यात लिहिलं की आमचा बॅक्टेरिया हे औषध स्वतःहून बाहेर सोडतो.

मॅडम परतल्या त्या काळा चष्मा लावून. निखिलने उत्साहाने फ्लास्क पुढे केला. त्यांनी आधी वास घेतला. मग काचेची कांडी बुडवून वर उचलली. कांडीला लागून लांबलचक तार आली, लाडवाच्या पाकाला येते तशी.

“हे काय रे?”

“मॅडम, सिक्रीशन...”

“पाक झालाय हा. ही तार कसली माहितेय? डीएनए. मेलेल्या बॅक्टेरियाची आतडी आहेत ही. दारातून नाही आलं रे हे, भिंती फुटून आलंय. कंट्रोल कुठाय?”

कंट्रोल नव्हता. एवढ्या शिकलेल्या माणसांना, डायरेक्टरसकट, तो करावासा वाटला नव्हता, कारण उत्तर आधीच गोड लागलं होतं. मॅडमनी मला कामाला लावलं. कधीच बाहेर न येणारं, बॅक्टेरियाच्या पोटातच राहणारं दुसरं एक एन्झाइम त्या पाण्यात आहे का ते बघायचं. ते नसेल तर माल दारातून आला. असेल तर ट्यूब पिवळी होणार, म्हणजे घर फुटलं. ट्यूब इतकी पिवळी झाली की निखिल खुर्चीवर बसलाच. मॅडमचा हात सवयीने चष्म्याकडे गेला, पण तो चष्मा काढायला डॉक्टरांची बंदी होती. त्या दिवशी त्यांना सगळ्यांची तोंडं स्पष्ट दिसत होती. दया आली नाही.

सबनीसांच्या केबिनमध्ये ट्यूब घेऊन मी त्यांच्यामागे उभी होते.

“सबनीस, हे सिक्रीशन नाही. पेशी फुटल्यात.”

“बसा ना मॅडम. डोळा कसा आहे?”

“डोळ्याचं सोडा. रिपोर्ट मागे घ्या.”

“अहो, एन्झाइम बाहेर आलंय ना? काम करतंय ना? मग दारातून आलं की भिंत पाडून आलं, काय फरक पडतो? शेवटी प्युरिफाय करायचंच आहे.”

“मग ‘स्वतःहून सोडतो’ असं कशाला लिहिलंत?”

सबनीसांनी समोरचा रिपोर्ट ड्रॉवरमध्ये सरकवला.

“मी सांगते कशाला. ते वाचून कंपनीने सफाईच्या दोन पायऱ्या गाळल्यात. त्यांचा प्लॅन बघितला मी. तुमच्या एका शब्दावर विसंबून ते हा पाक पोरांच्या शिरेत घालणार.”

“पुढे टेस्टिंग असतं मॅडम. एवढं इमोशनल होऊन चालत नाही सायन्समध्ये.”

इमोशनल! पुराव्याची ट्यूब हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला हा माणूस इमोशनल म्हणाला. मला आजही तो शब्द आठवला की कानशिलं तापतात. मॅडमनी रिपोर्टवर सही करायला नकार दिला. सबनीस म्हणाले, हरकत नाही, सहीवाचून चालेल.

कंपनीची माणसं आली तेव्हा कॉन्फरन्स रूममध्ये मॅडमना बोलावणं नव्हतं. त्या फ्लास्क घेऊन दार न वाजवता आत गेल्या. पडद्यावर रंगीत आलेख चालू होता, सबनीस उभे होते. मॅडमनी टेबलावरची काजूची बशी बाजूला सारली, फ्लास्क ठेवला आणि सगळ्यांसमोर कांडी वर उचलली. तार हवेत लोंबत राहिली. “औषध स्वतःहून बाहेर येतं तेव्हा पाणी पाण्यासारखं राहतं. हे चिकट झालंय. यांच्या आकड्यातला बराचसा भाग मढी फुटल्याचा आहे. तुमच्या सफाईच्या दोन्ही पायऱ्या परत घाला, नाहीतर हे घेऊ नका.” कंपनीचा जो मुख्य माणूस होता, त्याने तारेकडे बघितलं, मग सबनीसांकडे, आणि लॅपटॉप मिटला.

करार झाला नाही. कंपनी हे काम सोडून निघून गेली. स्वच्छ रीतीने करायला आम्हाला अजून वेळ द्या, असं मॅडम त्यांना कळवत राहिल्या, पण उत्तर आलं नाही. आणि मग स्टाफ मीटिंगमध्ये सबनीस सगळ्यांसमोर म्हणाले, “पोरांच्या तोंडचं औषध काढलंत तुम्ही, मॅडम. हे लक्षात ठेवा.” हॉलमध्ये एवढी शिकलीसवरली माणसं होती. एकानेही तोंड उघडलं नाही. मी उठले आणि काय झालं होतं ते सांगू लागले, तर मला ‘अजेंड्यावर नाही’ म्हणून बसवण्यात आलं.

मॅडम त्या दिवशी माझ्यासोबत लालबागपर्यंत चालत आल्या. मसाल्याच्या दुकानांपाशी थांबल्या, मिरचीचा खकाणा नाकात गेल्यावर शिंकल्या आणि एकदम म्हणाल्या, “सावंत, तो खोटं बोलला. पण पोरांना औषध मिळालं नाही, हे तर खरंच आहे ना?” त्यांचा आवाज तेवढा एकदाच फुटलेला मी ऐकला. मी त्यांचा हात धरला, तर तो झटकून म्हणाल्या, “हात कसला धरतेस? उद्या लवकर ये.”

प्रोजेक्ट काढून घेतला होता. मॅडमना राजभाषा समितीचं अध्यक्षपद दिलं, म्हणजे दारादारावरच्या हिंदी पाट्या तपासायच्या. त्यांनी त्या पाट्याही रागारागाने तपासल्या. उरलेल्या वेळात आम्ही दोघी, नंतर गुपचूप निखिलही, पुन्हा पहिल्यापासून लागलो. हुकूम आणखी हळू केला. पुढचं टोक बदलून बदलून बघितलं. हे सिग्नल पेप्टाइड घाल, ते घाल, त्यातलं एखादं अक्षर फिरव. कुठलं टोक कुठल्या दोऱ्याला मानवेल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. बरीच टोकं वाया गेली. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना एक जमलं. घरगल्लीत एन्झाइम भरलेलं, आणि कंट्रोलची ट्यूब पाण्यासारखी स्वच्छ. मी ओरडलेच. मॅडमनी ट्यूब उजेडात धरली आणि म्हणाल्या, “परत कर.” परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा निखिलने केलं, कुठली ट्यूब कसली ते मला कळू न देता. तेच. दुसऱ्या दिवशी मॅडम फुगियांचा डबा घेऊन आल्या.

“आता कुणाची माफी मागायचीय?” मी विचारलं.

“बॅक्टेरियाची,” त्या म्हणाल्या आणि पहिली फुगी स्वतःच खाल्ली.

हा बॅक्टेरिया घ्यायला मात्र आता संस्थेत कुणी तयार नव्हतं. कोकणातल्या एका कॉलेजात मॅडमची जुनी विद्यार्थिनी शिकवते. ती म्हणाली, मला द्या, मी पुढे नेते. द्यायला डायरेक्टरची संमती लागते, एका कागदावर एक सही. सबनीस सही करेनात. कारण उघड होतं. हा बॅक्टेरिया दुसरीकडे नीट चालला असता तर कुणीतरी विचारलं असतं की मग आधीच्या रिपोर्टात तुम्ही काय लिहिलं होतं. नकारही देत नव्हते. नकार दिला असता तर वर तक्रार करता आली असती. “बघतो मॅडम”, “फाइल फिरतेय मॅडम”. फाइल कुठेही फिरत नव्हती, त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती.

निरोपसमारंभात सबनीस शाल आणि श्रीफळ घेऊन पुढे आले. मॅडमनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

“शाल नको. सही द्या.”

सबनीस मोठ्याने हसले. “मॅडमचा सेन्स ऑफ ह्यूमर आपण मिस करणार आहोत!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सबनीसांनी तेवढ्यात शाल खांद्यावर टाकली, फोटो निघाला. मॅडमनी शाल काढली, नीट घडी घातली, सबनीसांच्या खुर्चीवर ठेवली आणि स्टेजवरून उतरून निघून गेल्या. जेवायला थांबल्या नाहीत.

मग त्या दर सोमवारी येऊ लागल्या. व्हिजिटर पास काढून. आयुष्य घालवलेल्या इमारतीत शिरायला गळ्यात ‘पाहुणे’ लिहिलेली पट्टी. डायरेक्टरच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसायच्या. एव्हाना त्यांचं हृदय कमजोर झालं होतं, पावलं सुजायची, कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या सोडून ठेवाव्या लागायच्या. बहीण फोनवर मला विनवायची, सांग गो तिला, नको जाऊ. मी सांगितलं. तर म्हणाल्या, “माझ्या पोटात दोरा अडकलाय असं समज. गेल्याशिवाय मला जेवण जात नाही.” सबनीस आत आहेत हे दिव्यावरून कळायचं, पण ते बाहेर यायचेच नाहीत. केबिनला लागून कॉन्फरन्स रूम, तिला मागचा जिना. एक म्हातारी बाई बाकावर बसली आहे म्हणून हा माणूस कित्येक महिने सोमवारी मागच्या जिन्याने, जनरेटरच्या खोलीवरून पळत राहिला. शिपायांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं. आणि आम्ही सगळे पगार घेत होतो.

तो बॅक्टेरिया आता कोकणात आहे. मी स्वतः ड्राय आइसमध्ये पॅक करून पाठवला. तिथे तो वाढतो, पाणी स्वच्छ राहतं, प्रोटीन थोडं पण चोख येतं. औषध व्हायला अजून फार वाट आहे आणि ते होईलच असं मी लिहिणार नाही. मॅडमनी लगेच कंट्रोल मागितला असता.

ज्या सोमवारी मला त्या शेवटच्या दिसल्या, त्या दिवशी त्या बाकावर नव्हत्या. मी म्हटलं, सुटली बिचारी, नाद सोडला. दुपारी लॅबच्या मागच्या खिडकीपाशी गेले तर खाली जनरेटरच्या खोलीजवळ, भर उन्हात, सबनीसांच्या गाडीला टेकून मॅडम उभ्या. एक हात बॉनेटवर. त्या श्वास घेत होत्या तो वरूनही दिसत होता. सबनीस जिना उतरून आले, त्यांना बघून जागच्या जागी थांबले, मागे वळून बघितलं. मागे शिपाई उभा होता, तो काही हलला नाही. मॅडमनी पिशवीतून कागद काढून बॉनेटवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मनगट दाबून धरलं आणि पेन पुढे केलं. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. सबनीसांनी इकडेतिकडे बघितलं. दोन मजल्यांच्या खिडक्यांतून माणसं उभी होती, त्यात मी, त्यात निखिल. कुणी आत सरकलं नाही. सबनीस वाकले आणि सही करून घाईने दार उघडून गाडीत बसायला निघाले.

मॅडम गाडीसमोरून हलल्या नाहीत. त्यांनी कागद उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्या ओळीपासून सबंध वाचला. सबनीस उघड्या दाराशी उभे. मग मॅडमनी कागद पुन्हा बॉनेटवर ठेवला, आणि धाप लागलेली असतानाही त्यांचा आवाज वरपर्यंत पोहोचला.

“तारीख घाला.”

सबनीसांनी तारीख घातली.